‘हाउंड डॉग’चा माग काढताना

प्रिय मित्रा,

‘हाउंड डॉग’ या १९५०च्या दशकातल्या अमेरिकन गाण्यावर तासाभराचा कार्यक्रम करायचं ठरवलंयस, हे छान. पण तुझ्या आराखड्यातली पहिलीच ओळ काढून टाक: ‘एल्विस प्रेस्लीनं बिग मामा थॉर्नटनचं गाणं चोरलं.’ हे गाणं पहिल्यांदा गाणाऱ्या थॉर्नटनवर अन्याय झालाच. तो कुठे आणि कशाच्या जोरावर झाला, ते मात्र या ओळीवरून कळत नाही. त्यासाठी एक भेद आधी पक्का करावा लागतो. गाणं ही एक मालमत्ता आणि त्याचं ध्वनिमुद्रण ही दुसरी. दोन्हींचे मालक वेगळे, हक्क वेगळे, पैशांच्या वाटाही वेगळ्या.

म्हणून कार्यक्रम लिहायला बसण्याआधी वहीत तक्ता आख. प्रत्येक तबकडीला एक ओळ. रकाने असे: गायक, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि गाव, कंपनी व तबकडीचा क्रमांक, शब्द, ठेका, लेबलवर छापलेलं गीतकाराचं नाव, पैसे कोणाला. सुरुवातीला चार ओळी पुरेत.

पहिली ओळ थॉर्नटनची. लॉस एंजेलिस, १३ ऑगस्ट १९५२. कंपनी ह्यूस्टनच्या डॉन रोबीची पीकॉक, क्रमांक १६१२, तबकडी बाजारात आली १९५३च्या सुरुवातीला. गाणं लिहिलं जेरी लीबर आणि माइक स्टोलर या जोडीनं. दोघंही तेव्हा १९ वर्षांचे. ताफा जॉनी ओटिसचा. हवा तो ठेका जमेना म्हणून ओटिस स्वतः ड्रमवर बसला आणि काचेपलीकडून ध्वनिमुद्रणावर लक्ष ठेवायचं काम या दोन पोरांवर आलं. ऐकताना आधी काय नाही ते बघ: त्या काळच्या रिदम अँड ब्लूजमध्ये (अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीतात) हमखास गाजणारे सॅक्सोफोन इथे नाहीत. गिटार, बेस आणि ड्रम, बस्स. ठेका संथ, रुंबा या क्यूबन नाचाच्या ठेक्याकडे झुकलेला. मधल्या भागात पीट लुइसची गिटार बोलते आणि थॉर्नटन तिला बोलून बोलून चेतवत राहते. शेवटी वादकच कुत्र्यासारखे भुंकतात, विव्हळतात. हे गाणं कुत्र्याबद्दल नाहीच. दारात घुटमळणाऱ्या, बाईच्या जिवावर जगणाऱ्या पुरुषाला ती हाकलून देते आहे. रिदम अँड ब्लूजच्या यादीत ते सात आठवडे पहिलं होतं. या एका ओळीवर कार्यक्रमातली वीस मिनिटं खुशाल घालव.

दुसरी ओळ लोक हटकून विसरतात. मार्च १९५३मध्ये, म्हणजे थॉर्नटनची तबकडी अजून तापलेली असतानाच, मेम्फिसच्या सन कंपनीनं रूफस थॉमसच्या आवाजात ‘बेअर कॅट’ काढलं, क्रमांक १८१. चाल तीच, शब्द पुरुषाच्या बाजूनं उलटवलेले, आणि लेबलवर गीतकार म्हणून नाव सनच्या मालकाचं, सॅम फिलिप्सचं. तबकडी चालली, रोबीनं दावा लावला आणि सन हरली. हे समजायला अमेरिकेचा १९०९चा कायदा बघावा लागतो. मालकाच्या संमतीनं गाणं एकदा तबकडीवर आलं की पुढे कोणीही त्याचं नवं ध्वनिमुद्रण करू शके. दर तबकडीमागे दोन सेंट गाण्याच्या मालकाला दिले की झालं, त्याची परवानगी लागत नसे. सनची चूक त्या चालीवर गायला लावण्याची नव्हती, दुसऱ्याची चाल आपल्या नावावर छापण्याची होती.

आता हाच नियम थॉर्नटनला लावून बघ. पुढे कितीही जणांनी हे गाणं गायलं, तरी दोन सेंट जाणार ते गाण्याच्या मालकांकडे. पहिल्यांदा गाणाऱ्या बाईकडे काहीच नाही. या गाण्याचा आपल्याला ५०० डॉलरचा एकच चेक मिळाला, असं ती सांगत असे. तिचा आवाज, तिची फेक, मधलं बोलणं यांपैकी एकही गोष्ट कायद्याच्या लेखी ‘गाणं’ नव्हती. तुझ्या कार्यक्रमाचा कणा हा आहे. गीतकारांमध्ये आपलंही नाव हवं म्हणून ओटिसनंही भांडून पाहिलं. १९५७ साली न्यायालयानं त्याचं म्हणणं फेटाळलं. हे दोन वाक्यांत सांग आणि पुढे जा.

तिसरी ओळ म्हणजे मधला हरवलेला दुवा. फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज हा फिलाडेल्फियाचा, प्रेक्षकांना हसवत नाचवत गाणारा ताफा. १९५५मध्ये टीन या छोट्या कंपनीसाठी त्यांनी हे गाणं केलं, क्रमांक १०१. शब्द धुऊन काढले. बाई गेली, तिच्या जिवावर जगणारा पुरुष गेला, आणि ससा न पकडणारा खराखुरा कुत्रा आला. सशाची ओळ लीबरला कधीच आवडली नाही, आणि ते बरोबरच आहे. तिथे गाण्याचा अर्थच सांडला. मात्र दोन सेंटांच्या हिशेबात त्यानं काही फरक पडला नाही.

एप्रिल-मे १९५६मध्ये एल्विस लास व्हेगासच्या न्यू फ्रंटियर हॉटेलात दोन आठवडे गात होता. तिथल्या प्रौढ प्रेक्षकांवर त्याची फारशी छाप पडली नाही. पण लास व्हेगासच्या त्याच मुक्कामात त्यानं बेलचा कार्यक्रम पाहिला आणि गाणं उचललं. त्याच्या तोंडचे शब्द बेलचे आहेत, थॉर्नटनचे नाहीत. तुझ्या आराखड्यातली पहिली ओळ इथे कोसळते.

चौथी ओळ: ५ जूनला मिल्टन बर्लच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात एल्विसनं शेवटचा भाग एकदम संथ करून कंबर हलवली आणि गदारोळ उडाला. १ जुलैला स्टीव्ह ॲलननं त्याला कोट-टाय चढवून चक्क एका कुत्र्यासमोर गायला लावलं. दुसऱ्याच दिवशी, २ जुलै १९५६ला, न्यूयॉर्कमध्ये आरसीए या त्याच्या कंपनीच्या स्टुडिओत ३१ टेक झाले. तबकडीचा क्रमांक ४७-६६०४, दुसऱ्या बाजूला ‘डोन्ट बी क्रूएल’. लांबी सव्वादोन मिनिटांच्या आसपास. ड्रमवादक डी. जे. फोंटानाचे कडव्यांच्या सांध्यावरचे ताड-ताड रोल, टाळ्या, गिटारवादक स्कॉटी मूरचे दोन सोलो आणि मागे जॉर्डनेअर्स या साथगायकांचा लांबवलेला स्वर एवढं प्रेक्षकांच्या कानावर वेगळं काढून घाल. संतापाचं गाणं इथे निव्वळ वेगाचं झालं आहे. ते वाईट नाही, पण ते दुसरंच गाणं आहे. (स्टोलर तेव्हा युरोपातून परतत होता. त्याचं जहाज ‘आंद्रेया दोरिया’ अपघातात बुडालं, तो वाचला, आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर लीबरनं त्याला एल्विसच्या तबकडीची बातमी दिली.)

वाजवून दाखवणार असलास तर एल्विसची तबकडी सी स्वरात आहे. चार-चार मात्रांचे बारा बार: सी चार, एफ दोन, सी दोन, मग जी एक, एफ एक, सी दोन. अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन समज, सम हातातून निसटणार नाही. नवशिके नवव्या बारला चुकतात, कारण तिथला जी एकच बार टिकतो आणि बोटं दोन बार तिथेच रेंगाळतात. हा साचा थॉर्नटनवर आंधळेपणानं बसवू नकोस. आधी कडवी बोटांवर मोज.

आता खड्डे. इंटरनेटवर ‘बिग मामा थॉर्नटन, हाउंड डॉग’ शोधलंस की १९६५चं लंडनचं ध्वनिमुद्रणही मिळतं. त्यात बडी गाय गिटारवर आहे. उत्तम आहे, पण मूळ नव्हे. फ्रेडी बेलनंही हे गाणं नंतर मर्क्युरी कंपनीसाठी पुन्हा केलं, आणि तेच १९५५चं म्हणून फिरतं. दोन्ही वेळा वर्ष आणि क्रमांक ताडून घे. एल्विसची तबकडी बिलबोर्ड या अमेरिकन संगीत साप्ताहिकाच्या यादीत ११ आठवडे पहिली होती हे खरं, पण ‘हॉट हंड्रेडवर’ असं लिहू नकोस; ती यादी ऑगस्ट १९५८मध्ये सुरू झाली. १९५६मध्ये दुकानातली विक्री, ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणं वाजवायची यंत्रं) आणि रेडिओ यांच्या याद्या वेगवेगळ्या होत्या. एल्विसचा कृत्रिम स्टिरिओ, म्हणजे मोनो मुद्रणातून नंतर बनवलेला स्टिरिओ, घेऊ नकोस; मूळ मोनोच घे. कृत्रिम स्टिरिओत आवाज पोकळ होतो आणि फोंटानाचे रोल पसरट होतात. आणि कोणतीही तबकडी कीबोर्डशी जुळवून बघ. स्वर दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत असेल तर ती चुकीच्या वेगानं उतरवली असण्याची दाट शक्यता आहे. अशा प्रतीवरून लय मोजलीस तर आकडा फसवा येईल.

गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं १९६७मध्ये बीबीसीसाठी, जॉन लेनननं १९७२मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला हे गाणं केलं. वेळ उरला तरच दोन्ही वाजव. यादी लांबवायचा मोह होईल; चार तबकड्या नीट उलगडल्यास तरी तास संपतो.

परवानगीचंही विचारलं होतंस. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे या चारही तबकड्यांचा इथला हक्क २०१६च्या अखेरीपर्यंत संपला. गाण्याचा हक्क मात्र शेवटच्या गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. लीबर २०११मध्ये वारला, त्यामुळे २०७१पर्यंत तरी गाणं मोकळं नाही. सभागृहात कार्यक्रम करायचा तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थेकडे गाण्याच्या परवान्याची चौकशी आत्ताच कर, आणि अर्जात गीतकार म्हणून लीबर-स्टोलर लिही, एल्विस नव्हे.