प्रशिक्षकाला हटवा म्हणण्याआधी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला लेखाचा मसुदा दोनदा वाचला. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात फुटबॉलमध्ये भारत बांगलादेशकडून ०-१ असा हरला, त्याच रात्री तो लिहिलेला आहे हे पहिल्या परिच्छेदातच कळते, आणि तुझा तो संताप मला परका नाही. मात्र राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक खालिद जमील यांना तत्काळ हटवावे या मागणीपर्यंत तू ज्या वाटेने पोहोचलास, ती मला पटलेली नाही. पराभवाचा दोष कोणाचा आणि प्रशिक्षक बदलावा का, हे दोन वेगळे प्रश्न तू एकाच दावणीला बांधले आहेस. प्रशिक्षकाची चूक असूनही त्याला ठेवणे शहाणपणाचे ठरू शकते, आणि फारशी चूक नसतानाही त्याने जाणे संघाच्या हिताचे असू शकते.

माजी राष्ट्रीय प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांच्या शेवटच्या काही महिन्यांतले दोन सामने शेजारी ठेवून पाहा. २६ मार्च २०२४ रोजी गुवाहाटीत सुनील छेत्रीने आपल्या दीडशेव्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पेनल्टीवर गोल केला, भारत आघाडीवर होता, समोर अफगाणिस्तानचा संघ होता आणि त्यांचे अनेक प्रमुख खेळाडू बहिष्कारामुळे आलेलेच नव्हते. तरीही उत्तरार्धात दोन गोल खाऊन आपण १-२ असे हरलो. आघाडी मिळाल्यावर खेळाची लय कशी राखायची, कोणाला कधी आत पाठवायचे, हे सर्वस्वी प्रशिक्षकाच्या हातातले होते, आणि त्या रात्रीची जबाबदारी स्टिमाच यांच्यावर टाकायला मी तेव्हाही कचरलो नाही, आजही कचरत नाही. पुढे ११ जूनला दोह्यात आक्रमक खेळाडू छांगटेच्या गोलने आपण कतारविरुद्ध पुढे होतो. रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारने बरोबरी साधली, पंचांनी तो गोल धरला आणि विश्वचषक पात्रतेच्या त्या फेरीत व्हीएआरची, म्हणजे चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची, सोयही नव्हती. तो सामनाही १-२ असाच संपला. गोलफलक दोन्हीकडे सारखा. दोष मात्र सारखा नाही. सहा दिवसांनी स्टिमाच यांना काढण्यात आले.

त्या बदलाने काय साधले, हे तुझ्या लेखात कुठेच नाही. करार २०२६पर्यंत वाढवून दिलेला असल्याने भारतीय फुटबॉल महासंघाला तडजोडीपोटी ४ लाख डॉलर मोजावे लागले. मानोलो मार्केझ आले, आणि पहिल्या हंगामभर त्यांना एफसी गोवा या क्लबचे कामही सांभाळायचे होते. राष्ट्रीय संघाला अर्धवेळ प्रशिक्षक देण्याचा तो निर्णय मला तेव्हाही अनाकलनीय वाटला होता. त्यांच्या आठ सामन्यांत एकच विजय मिळाला आणि एकूण पाच गोल झाले, त्यांपैकी तीन तर मालदीवविरुद्धच्या एकाच सामन्यातले. त्याआधी स्टिमाच यांच्या हाताखाली २०२४च्या आशियाई चषकात तीन सामन्यांत आपण एकही गोल केला नव्हता. माणूस बदलला, गोलचा दुष्काळ तसाच राहिला. निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिसाव्या वर्षी परत बोलवावे लागले. इंडियन सुपर लीगमधले (आयएसएल) बहुतेक क्लब पुढची जागा परदेशी खेळाडूला देत असतील, तर भारतीय मध्य आक्रमक घडणार तरी कुठे? याचे उत्तर कोणत्याही प्रशिक्षकाकडे वीस दिवसांच्या शिबिरात सापडणार नाही.

आता जमील. ऑगस्ट २०२५मध्ये ते आले तेव्हा आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतील दोन सामने आधीच होऊन गेले होते आणि भारताकडे एक गुण होता. गटातून एकच संघ पुढे जाणार होता. प्रक्षेपण व व्यापारी हक्कांच्या करारावरून आयएसएलचा हंगाम अडकला होता, खेळाडूंचे पाय सामन्यांत लागलेले नव्हते, आणि पहिल्याच शिबिराला एका मोठ्या क्लबने आपले खेळाडू सोडले नाहीत. तशाही स्थितीत मध्य आशियाई महासंघाच्या सीएएफए नेशन्स चषकात त्यांनी ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ असे हरवले आणि ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये मागे टाकून तिसरा क्रमांक मिळवला. २०१७ मध्ये ऐझॉल क्लबला आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद मिळवून देणारा आणि त्याआधी मुंबई एफसीसारखा बेताच्या पैशांचा संघ वर्षानुवर्षे तगवून धरणारा हा माणूस आहे.

म्हणून त्यांना जाब विचारू नये असे मी म्हणत नाही. १४ ऑक्टोबरला पात्रता फेरीत गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर छांगटेने आघाडी मिळवून दिल्यावर सिंगापूरच्या साँग उइ-यंगने मध्यंतराच्या तोंडावर एक आणि उत्तरार्धात दुसरा गोल केला. १-२ झाल्यानंतर अर्ध्या तासाचा अवधी हाताशी होता. त्या अर्ध्या तासात काय बदलले, कोण आत आले, का आले, याचे उत्तर जमील यांच्याकडूनच घ्यायला हवे. तुझ्या लेखात त्या अर्ध्या तासाबद्दल एक ओळही नाही. विशेषणे मात्र भरपूर आहेत.

माझ्या सुरुवातीच्या काळातला एक प्रसंग सांगतो. स्थानिक लीगचा सामना होता आणि मी राखीव खेळाडूंच्या बाकामागे उभा होतो. डाव्या बगलेचा मुलगा सगळ्यांत चांगला खेळत होता, आणि सत्तराव्या मिनिटाला प्रशिक्षकाने त्यालाच बाहेर काढले. प्रेक्षकांनी शिव्या दिल्या. संघ हरला, आणि पुढच्या आठवड्यात क्लबने प्रशिक्षकाला नारळ दिला. त्या मुलाने त्याआधी दोनदा बाकाकडे वळून पोटरीवर हात ठेवून खूण केली होती. बाहेर आल्यावर तो गवतावर बसला तेव्हा त्याची पोटरी दगडासारखी आखडलेली होती आणि मोजा खाली ओढताना त्याचे ओठ दाबले जात होते. हे मी दोन हातांच्या अंतरावरून पाहिले होते, तरीही बातमीत मात्र सगळ्यांचेच मत लिहिले, कारण ते लिहिणे सोपे होते. त्या प्रशिक्षकाला मी पुन्हा भेटू शकलो नाही, याची खंत अजून आहे.

माझे मत विचारशील तर जमील यांना आत्ता काढू नये. पुढच्या पात्रता फेरीपर्यंत त्यांना पूर्ण शिबिरे आणि वेळेवर सुटलेले खेळाडू मिळावेत. ते मिळूनही संघ आघाडी घेऊन हरत राहिला, तर त्यांना बदलण्याची मागणी करणारा लेख मी तुझ्याआधी लिहीन. ही अट आजच लिहून ठेव, म्हणजे उद्याच्या निकालाबरोबर तुझी कसोटी सरकणार नाही. आणि नवा प्रशिक्षक मागताना तो कोण, किती दिवसांसाठी, कोणत्या खेळाडूंच्या बळावर, हेही लिही.

फातोर्ड्याचा उत्तरार्ध पुन्हा पाहा, आवाज बंद करून, चेंडूकडे न बघता आपल्या मधल्या फळीकडे बघत. मग मसुदा नव्याने लिहून रविवारपर्यंत पाठव. मी वाट पाहतो.

तुझा,
एक जुना क्रीडा पत्रकार