बेळगावात सिनेमा लावायचाय ना? मग आधी करार काढ

सिनेमा तयार आहे म्हणतोस, पण बेळगावचे हक्क कुणाला दिलेस? 1956 मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तरी वितरणाच्या जुन्या नकाशात आपण मुंबई सर्किटमध्येच, म्हणजे मुंबईच्या वितरण विभागातच. म्हणून करारात नुसतं ‘महाराष्ट्र’ लिहू नको. बेळगाव, निपाणी, खानापूर नावानिशी घाल. नाहीतर लोंबकळतील.

मिनिमम गॅरंटीची, म्हणजे वितरकानं आगाऊ द्यायच्या ठरावीक रकमेची, आशा सोड. नवख्याला वितरक मिळतो तो कमिशनवर, पोस्टरचा खर्च तुझाच.

आणि थेटरात सिनेमाची हार्ड डिस्क पोचली म्हणजे झालं नव्हे. केडीएम, म्हणजे त्या एका सर्व्हरपुरती, ठरल्या तारखांची डिजिटल किल्ली, गुरुवारी रात्रीच लावून बघ. माझी एकदा भलत्याच सर्व्हरची आली. शुक्रवारी बाराचा खेळ बुडाला, तिकिटाचे पैसे परत. शनिवारपासून आम्हाला सकाळी नऊचा खेळ! नऊला कोण येतंय रे?