दागिना छान, पण टिकत नाही: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात घरातल्या जुन्या वस्तूंपासून दागिने करण्यावर लिहिलं आणि भरपूर पत्रं आली. सगळी वाचली. जवळजवळ प्रत्येकीचं दुखणं एकच आहे, दागिना दिसतो झकास पण चार दिवसांत सुटतो, तुटतो नाहीतर टोचतो. म्हणून यावेळी डिझाइन बाजूला ठेवते आणि फक्त टिकण्याबद्दलच बोलते, कारण माझं ठाम मत आहे की घरी केलेला दागिना जोडावर आणि फिनिशिंगवर उभा राहतो, मणी कितीही साधे असले तरी चालतात.

ताई, जुन्या मासिकांच्या कागदाचे मणी करून गळ्यातलं केलं. वरून पाणी घालून पातळ केलेल्या गोंदाचे दोन हात दिले, मस्त चमकत होते. चारदा घातलं तर मणी चिकट झाले आणि काहींची टोकं उलगडली. काय चुकलं?

चिकटवण्यात काहीच चुकलं नाही, चुकलं ते वरच्या हातात. साधा पांढरा गोंद वाळला की पारदर्शक होतो, चमकतो, त्यामुळे आपल्याला वाटतं झालं काम, पण पाणी लागलं की तो परत मऊ पडतो आणि मानेवरचा घाम म्हणजे पाणीच की. माझ्या पहिल्या माळेचं अगदी हेच झालं होतं, उकाड्यात दिवसभर घातली आणि संध्याकाळी काढताना दोन मणी कॉलरला चिकटून आले, फार वाईट वाटलं होतं कारण त्यात एका जुन्या पत्राचा कागद होता. म्हणून गोंद फक्त आत, बाहेरून वॉर्निश. क्लिअर वॉर्निशचे पातळ पातळ तीन हात द्यायचे आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा, एकदम जाड थापलं तर खाली थेंब लोंबतो आणि तो तसाच वाळतो. चार-पाचच मणी असतील तर पारदर्शक नेलपॉलिशही चालतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भोकाच्या दोन्ही तोंडांना ब्रश आठवणीने फिरवा, ओल तिथूनच आत शिरते. मणी टूथपिकवर घालून थर्माकोलच्या तुकड्यात उभे खोचले की सगळीकडून नीट रंगवता येतात.

टोकं उलगडतात ती गुंडाळी सैल असल्यामुळे. माझी पद्धत सांगते. २ सेंटिमीटर पाया आणि कागदाच्या लांबीएवढी, साधारण ३० सेंटिमीटर उंची असे निमुळते त्रिकोण कापायचे. एक सुलटा, एक उलटा असे आखले तर ए फोर आकाराच्या एका पानातून वीसेक पट्ट्या निघतात. रुंद बाजू टूथपिकवर ठेवायची, पहिला वेढा गोंदाशिवाय (नाहीतर मणी काडीलाच चिकटतो), मग बोटावर एवढासा गोंद घेऊन पट्टीवर पुसत पुसत गुंडाळायचं आणि निमुळतं टोक बरोबर मध्यावर येतंय ना ते बघत राहायचं. टोक एका बाजूला सरकायला लागलं की लगेच दोन वेढे मागे या, पुढे जाऊन ते सुधारत नाही. शेवटी टोक नखाने दाबून दहा-पंधरा सेकंद धरा. २ सेंटिमीटरचा मणी, मध्ये ४ मिलिमीटरचा छोटा मणी असं ओवलं तर ४५ सेंटिमीटरच्या गळ्यातल्याला अठरा मणी पुरतात, म्हणजे एका पानात माळ! फक्त घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेला कागद शक्यतो घेऊ नका, त्याची शाई ओलाव्याने पसरते.

बटणांची कानातली केली, पण घातली की दुसऱ्या दिवशी कान लाल होऊन खाज सुटते. बटणांचा त्रास असेल का?

बटणांचा नाही हो, माझा संशय हुकवर आहे. स्वस्तातल्या हुकमध्ये बऱ्याचदा निकेल असतं, वरून सोनेरी मुलामा असला तरी खालच्या थरात असू शकतं आणि मुलामा झिजला की ते कातडीला लागतं. निकेलची ॲलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते, त्यामुळे "सवय होईल" म्हणून घालत राहू नका. हुकला नेलपॉलिश लावायचा उपाय सगळेच सांगतात, एखाद्या दिवसापुरता ठीक आहे पण ते सोलवटतं. हुकच बदला. टायटॅनियम किंवा नायोबियमचे सगळ्यात बिनधास्त. सर्जिकल स्टील बऱ्याच जणींना चालतं, पण त्यातही थोडं निकेल असतंच, फक्त ते सहज बाहेर पडत नाही, त्यामुळे ज्यांना जोरात त्रास होतो त्यांनी टायटॅनियमच घ्यावं. कानातून पाणी किंवा पू येत असेल तर मात्र दागिने सगळे काढून आधी डॉक्टर.

बोटावर किंवा मनगटावर हिरवट डाग पडतो तो वेगळा, तो तांब्याचा, साबणाने धुतला की जातो.

माझ्या माळांच्या कड्या आपोआप उघडतात आणि पेंडंट कुठेतरी पडून जातं. दोनदा झालंय. गोंद लावू का कडीला?

गोंद नको! कडी तुम्ही उघडता कशी तिथेच सगळं आहे. बहुतेक जण कडीची दोन टोकं डावी-उजवीकडे फाकवतात, मग गोल बिघडतो आणि परत कितीही दाबलं तरी फट राहतेच. दोन पकडी घ्या, फटीच्या दोन्ही बाजूंना एकेक धरा आणि एक टोक स्वतःकडे, दुसरं समोर असं ढकला, दार उघडल्यासारखं. बंद करताना त्याच वाटेने परत या पण थोडं पलीकडे जाऊन मागे या, टोकं एकमेकांना घासून जातात तेव्हा बारीकसा टक् असा स्पर्श बोटांना कळतो. तो कळेपर्यंत करा. मग उजेडासमोर धरून बघा, फटीतून उजेड दिसता कामा नये. आणि बारीक दोरा थेट अशा कडीला कधीच बांधू नका, केसभर फट असली तरी दोरा तिच्यातून निसटतो.

ताई, घरात जुन्या वायरी पडल्यात, आतली तांब्याची तार दागिन्यांना वापरता येईल का? वरचं प्लास्टिक जाळून काढलं तर पटकन होईल असं दादा म्हणतो.

तार वापर, पण जाळू अजिबात नकोस, दादालाही सांग. ते प्लास्टिक बहुतेक पीव्हीसी असतं, जळताना त्यातून घशाला आणि फुप्फुसांना इजा करणारा धूर निघतो आणि तारही काळी पडते. वायर कुठेही जोडलेली नाही याची खात्री कर आणि कटरने लांबीच्या दिशेला हलका छेद देऊन साल ओढून काढ. आत एकच जाड तार निघाली तर सोनं सापडलं असं समज, बारीक बारीक तारांचा झुपका निघाला तर तो पीळ देऊन वापरता येतो. १ मिलिमीटरच्या आसपासची तार कानातल्यांच्या गोल फ्रेमला छान, आणि अर्ध्या मिलिमीटरची मणी गुंडाळायला. तांबं वाकवत गेलं की कडक होत जातं, एकाच जागी पाच-सहा वेळा पुढेमागे केलंस तर तिथेच तुटणार, तेव्हा आकार आधी कागदावर काढ आणि एकदाच वाकव. पण हाच कडकपणा शेवटी कामाला येतो, तयार गोल लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने हलकं ठोकलं की आकार धरून राहतो. टोकं पॉलिश पेपरने घास आणि स्वतःच्या गालावरून फिरवून बघ, गालाला टोचतंय तर कानालाही टोचणार.

इलॅस्टिकचं ब्रेसलेट दर महिन्याला तुटतं, उपाय?

ओवण्याआधी इलॅस्टिक दोन-तीनदा ताणून घ्या, नाहीतर ते नंतर सैल पडतं आणि मण्यांच्या मध्ये फटी दिसतात. भोकं परवानगी देतील तेवढी जाड, शक्यतो १ मिलिमीटरची दोरी घ्या. धातूच्या मण्यांची भोकं धारदार असतील तर तिथेच दोरी कापली जाते, असे मणी बाजूला काढा किंवा भोकाची कड घासून घ्या. गाठ मारताना टोक एकदा नाही, दोनदा फिरवून घ्या, ओढून घट्ट करा, वर गोंदाचा एक थेंब आणि गाठ शेजारच्या मोठ्या भोकाच्या मण्यात सरकवा. नंतर रात्रभर हात लावू नका.