प्राचीन ग्रीक क्रियापद: आधी ‘कधी’ नको, ‘कसं’ बघा
तक्ते पाठ करायची घाई नको. आधी एकच जोडी पक्की करा: ‘एग्राफोन’ म्हणजे मी लिहीत होतो किंवा लिहायचो, ‘एग्राप्सा’ म्हणजे मी लिहिलं. दोन्ही भूतकाळच. हा फरक तुम्ही मराठीत रोज करताच!

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- ॲओरिस्ट, म्हणजे ‘एग्राप्सा’सारखं क्रिया अख्खी बघणारं रूप, दिसला की भूतकाळ समजणं. आज्ञार्थात ‘ग्राप्सोन’ म्हणजे ‘लिहून टाक’, ‘ग्राफे’ म्हणजे ‘लिहीत जा’. इथे भूतकाळ कुठला? त्याची खूण म्हणजे सुरुवातीचा ‘ए’, संस्कृत ‘अगच्छत्’मधल्या ‘अ’सारखा, आणि तो आज्ञार्थात येतच नाही.
- ॲओरिस्ट म्हणजे क्षणात उरकलेलं, असं मानणं. ‘एबासिलेउसे’, त्यानं राज्य केलं, हे ४० वर्षांचंही असू शकतं.

‘गेग्राफा’ला, म्हणजे ‘मी लिहिलं आहे’ला, महिनाभर हात लावू नका.