विभक्ती चिकटली की मार्कअप तुटतं

प्रश्न: आमचा पाच-सहा जणांचा गट आहे, गावच्या वाचनालयासाठी फुकट सॉफ्टवेअर बनवतोय, आता त्याचं मराठी मॅन्युअल लिहायचंय. मार्कडाउन (साध्या मजकुरात चिन्हं टाकून शीर्षकं, ठळक-तिरपी अक्षरं करायची मार्कअप भाषा) वापरून बघितलं पण लिहिणाऱ्या ताई इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाइप करतात, त्यांना स्टार आणि हॅश सापडतच नाहीत. म्हणून हॅशऐवजी 'शीर्षक:' असे शब्द घेऊन स्वतःची मराठी मार्कअप भाषा करावी म्हणतोय. करू का?

उत्तर: ताईंचा त्रास अगदी खरा आहे. मूळ इनस्क्रिप्टमध्ये हॅशच्या जागी, म्हणजे शिफ्ट आणि 3 दाबलं की, र-कार येतो, स्टारच्या जागी, शिफ्ट आणि 8 ला, श्र, चौकटी कंसाच्या जागी ड, म्हणजे मार्कडाउन करणाऱ्या जॉन ग्रूबरने 2004 मध्ये जी चिन्हं निवडली त्यातली बरीचशी या कीबोर्डवर नाहीतच, दर वेळी इंग्रजीवर जाऊन परत यायचं. पण 'शीर्षक:' ने सुटका होत नाही हो, कारण कोलनच्या जागीही छ आहे! मग लोक विसर्ग टाकतात, 'शीर्षकः', डोळ्याला सारखंच दिसतं पण पार्सरसाठी, म्हणजे खुणा वाचणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, ते वेगळं अक्षर, आणि चूक कुठेय ते शोधता शोधता दिवस जातो.

त्यापेक्षा इनस्क्रिप्टवर जे सहज मिळतं, हायफन, पूर्णविराम, गोल कंस, त्यावर नियम बांधा. मार्कडाउनमध्ये ओळीखाली नुसते तीन हायफन दिले तरी दुसऱ्या पातळीचं शीर्षक होतं, ही सोय ताईंना आजच दाखवा. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या दुसऱ्या मार्कअप भाषेत मात्र खालची रेघ शीर्षकाएवढी लांब लागते, आणि 'मार्गदर्शिका' आपल्याला पाच अक्षरं दिसतात पण युनिकोडमध्ये ती बारा आहेत, म्हणून रेघ आखूड पडल्याची वॉर्निंग येत राहते. तिथे रेघ सरळ लांबच ओढायची.

खरी परीक्षा विभक्तीची, आणि मला सगळ्यात जास्त तेच सांगायचंय. इंग्रजीत शब्दानंतर स्पेस येते, आपल्याकडे मध्ये, वर, चा-ची-चे चिकटून येतात. *फाईल*मध्ये हे मार्कडाउनमध्ये चालतं, _फाईल_मध्ये हे कॉमनमार्कच्या (मार्कडाउनच्या काटेकोर नियमावलीच्या) नियमात चालत नाही, रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये तर *फाईल* नंतर बॅकस्लॅश आणि स्पेस दिल्याशिवाय 'मध्ये' जोडताच येत नाही. आणि *नोंद (जुनी)*मध्ये असं लिहिलं तर स्टारही फसतात, कारण शेवटच्या स्टारच्या आधी कंस आणि लगेच पुढे अक्षर आलं की कॉमनमार्क त्याला बंद करणारी खूण मानत नाही. मराठीसाठी काही नवं करायचंच असेल तर हा एक नियम बदला, बंद करणाऱ्या खुणेला प्रत्यय चिकटला तरी चालू दे. शब्द भाषांतरित करण्यापेक्षा याचा उपयोग शंभरपट आहे.

वाचकाला दिसणारी लेबलं, टीप, सावधान, अनुक्रमणिका, ती मात्र मराठीतच हवीत, त्याबद्दल वादच नको. अ‍ॅस्कीडॉक्टर या मार्कअप साधनात ती सेटिंगमधून बदलता येतात, पार्सरला हात लावावा लागत नाही.

प्रश्न (त्याच गटाकडून): '१.' लिहून यादी होत नाही, आणि शीर्षकांच्या लिंका विचित्र येतात. आमचं काही चुकतंय का?

उत्तर: तुमचं काही चुकत नाहीये. कॉमनमार्क क्रमांकासाठी फक्त 0 ते 9 ओळखतं, देवनागरी अंक त्याच्या लेखी साधा मजकूर. लिंकांचं म्हणाल तर पायथॉन-मार्कडाउन या मार्कडाउन वाचणाऱ्या प्रोग्रॅमचं नेहमीचं सेटिंग देवनागरी अक्षरं सगळीच टाकून देतं, आणि युनिकोडवालं सेटिंग काना, मात्रा, वेलांटी, हलन्त गाळतं, मग 'मार्गदर्शिका'चं 'मरगदरशक' होतं. तेव्हा लिंक बनवणारं फंक्शन स्वतः लिहा, मात्रा राखणारं, दहा-बारा ओळींचं काम आहे. आणि हे मॅन्युअल छापायच्या आधी करा, नंतर लिंका बदलल्या तर लोकांनी जपून ठेवलेले पत्ते तुटतील.