आत्याला सिस्टरांच्या घरी ठेवावे का?

प्रश्न : माझी आत्या ८१ वर्षांची असून अविवाहित आहे. ठाण्यात स्वतःच्या नावावरच्या छोट्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहते. गेल्या पावसाळ्यात ती पडली, तेव्हापासून तिला आधाराशिवाय चालता येत नाही. तिचे भाऊ हयात नाहीत. आम्ही दोघे भाचे दिवसभर नोकरीवर असतो. अंधेरीला कॅथलिक सिस्टर वृद्धांचा विनामूल्य सांभाळ करतात असे कळले. आत्या शाकाहारी आहे, रोज देवपूजा करते. तिथे हिंदूंना घेतात का? धर्मांतराचा आग्रह होतो का? आणि पैसे न घेता हे सारे चालते कसे? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो उलगडला की बाकीचे सोपे होते.

अंधेरीत महाकाली गुंफांच्या रस्त्यावर असलेले हे घर ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या धर्मभगिनींच्या संघाचे आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील सँ-सेर्व्हाँ या गावी १८३९च्या हिवाळ्यात जान ज्युगाँ नावाच्या, लोकांच्या घरी कामे करून पोट भरणाऱ्या ४७ वर्षांच्या बाईने एका अंध, लुळ्या पडलेल्या म्हातारीला घरी आणले, तिला स्वतःचे अंथरूण दिले आणि आपण माळ्यावर झोपू लागली. पुढे आणखी वृद्धा आल्या. त्यांतल्या काही जणी तोवर दारोदार भीक मागून जगत होत्या. त्यांच्यावर ती वेळ पुन्हा येऊ नये म्हणून त्यांची नेहमीची दारे कोणती हे जानने विचारून घेतले आणि टोपली घेऊन त्यांच्याऐवजी ती स्वतः मागायला निघाली. मला या संघाच्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. आपल्याकडे वार लावून, माधुकरी मागून शिकलेल्यांच्या आठवणी अजून घराघरांत सांगितल्या जातात. पण तो विद्यार्थी स्वतःच्या पोटासाठी मागत असे, ही बाई दुसऱ्याची लाज आपल्या अंगावर घेऊन मागत होती. एकदा एका गृहस्थाने तिच्या थोबाडीत मारली, तेव्हा “हे मला मिळाले, आता माझ्या गरिबांसाठी काही द्या” असे ती म्हणाली, अशी आठवण संघात सांगितली जाते. तिने उभारलेल्या कामाचे प्रमुखपद तिच्याकडून काढून घेण्यात आले आणि अखेरची २७ वर्षे तिने मुख्य मठात, जवळजवळ विस्मरणात, काढली. १८७९मध्ये ती वारली तेव्हा संघात सुमारे २,४०० भगिनी होत्या आणि त्यांतल्या अनेकींना आपल्या संस्थापिकेची ओळखही नव्हती. २००९मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला संत घोषित केले. भारतात हा संघ १८८२मध्ये कोलकात्याला आला.

कायमस्वरूपी व्याजावर किंवा ठेवींवर विसंबायचे नाही, रोजचे रोज मागायचे, हा दंडक या भगिनी आजही पाळतात. सिस्टर जोडीने बाजारात जातात आणि कोणी भाजी, कोणी तांदूळ, कोणी औषधे देतो. घरात जे संपत आले असेल त्याचा नमुना येशूचे पालक-पिता संत जोसेफ यांच्या मूर्तीपुढे ठेवण्याची त्यांची जुनी रीत आहे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांखेरीज ‘आतिथ्य’ हे चौथे व्रत त्या घेतात. त्यामुळे आंघोळ घालणे, भरवणे, जखमा धुणे ही कामे त्यांच्या लेखी पाहुण्याची सरबराई असते आणि एखादे माणूस अखेरच्या घटका मोजत असले, तर त्याच्या उशाशी रात्रंदिवस आळीपाळीने कोणीतरी बसलेले असते. परिचारिकेचे शिक्षण सगळ्याच भगिनींनी घेतलेले नसते. डॉक्टर, पगारी सेवक आणि स्वयंसेवक यांची साथ त्यांना लागतेच.

आता धर्माविषयी. प्रवेश देताना वय आणि गरिबी पाहतात, धर्म पाहत नाहीत. घरात प्रार्थनामंदिर असते, मिस्सा म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना आणि जपमाळ होते. कॅथलिक रहिवाशांना त्याचा मोठा आधार असतो, इतरांवर सक्ती नसते. आत्याबाईंना आपले देव उशाशी ठेवता येतील का, शाकाहारी जेवणाची सोय कशी आहे आणि मृत्यूनंतरचे संस्कार कोण, कसे करणार, हे मात्र आधीच मोकळेपणाने विचारा आणि शेवटची गोष्ट लेखी नोंदवून ठेवा. असे विचारण्यात त्यांचा अवमान होत नाही.

परंतु तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मी थांबलो. आत्याबाईंच्या नावावर फ्लॅट आहे. ज्यांना घर नाही, पैसा नाही आणि विचारणारेही कोणी नाही, अशांसाठी ही घरे आहेत; तुमच्या आत्याबाईंनी तिथली एक खाट घेतली, तर रस्त्यावरच्या एखाद्या आजीची ती जाईल. शिवाय आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या २००७च्या कायद्यानुसार, अपत्य नसलेल्या ज्येष्ठ व्यक्तीची मालमत्ता ज्या सज्ञान नातेवाइकाकडे वारशाने जाणार असेल आणि ज्याची ऐपत असेल, त्याच्यावर तिच्या पालनपोषणाची जबाबदारी येते. मृत्युपत्र नसेल, तर तो फ्लॅट तुम्हा भाच्यांकडेच येण्याची शक्यता आहे. तुम्ही हे टाळू पाहत आहात असे मी मुळीच म्हणत नाही. बहुधा तुम्हाला ते कोणी सांगितलेच नसेल.

म्हणून आधी फ्लॅट भाड्याने देऊन, त्यात दोघा भाच्यांनी भर घालून दिवसभराची बाई ठेवता येते का, किंवा शुल्क घेणाऱ्या चांगल्या वृद्धाश्रमात सोय होते का, ते पाहा. फ्लॅट घाईने कोणाच्याही नावावर करू नका. आणि काहीही ठरवण्यापूर्वी आत्याबाईंना स्वतःला विचारा. त्यांनाच सिस्टरांचे घर पाहावेसे वाटले, तर व्हीलचेअरवरून त्यांना सोबत घेऊन जा, परिस्थिती न लपवता सगळी सांगा. सिस्टरांनी नाही म्हटले तरी जाताना तांदळाची एक गोणी घेऊन जा.