ओळखीचा हाफिज इंग्रजीत अडतो तेव्हा

प्रश्न : तेहरानमध्ये फारसी साहित्यात एम.ए. करणाऱ्या चौघांना मी आठवड्यातून एकदा, दीड तास, ऑनलाइन इंग्रजी शिकवते. बाजारातल्या पुस्तकांतले पर्यटन-पर्यावरणाचे उतारे त्यांना जमतात, पण हाफिज या फारसी कवीवरचा इंग्रजी लेख आला की पहिल्याच परिच्छेदात गाडी अडते. काय वाचायला द्यावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ते उतारे बंद करा. या मुलांना विषय तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त येतो. अडते ते नावांवर, संज्ञांवर आणि वाक्याच्या ठेवणीवर.

आधी नावे. फारसीतला 'मसनवी' हा शब्द रूमीच्या त्याच नावाच्या काव्याच्या निकल्सन या इंग्रज अभ्यासकाने काढलेल्या आठ खंडांत (१९२५ ते १९४०) 'एस'ऐवजी 'टीएच'ने आणि 'व्ही'ऐवजी 'डब्ल्यू'ने लिहिला आहे, कारण ते लिप्यंतर अरबी वळणाचे आहे. गैन आणि काफ ही दोन अक्षरे तेहरानी बोलीत एकसारखेच उच्चारतात. रोमन लिपीत मात्र एक 'जीएच', दुसरा 'क्यू'. त्यामुळे सूचीत नाव असूनही सापडत नाही. पहिल्या तासाला वीस कवी आणि ग्रंथ घेऊन प्रत्येकाची दोन-तीन स्पेलिंगे त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

मग संज्ञा. आपल्याकडच्या गझलवाल्यांना मिसरा (ओळ), रदीफ (अंत्यपद), काफिया (यमक) सांगावे लागत नाहीत, यांनाही नाही. त्यांना हवा असतो इंग्रजी प्रतिशब्द, आणि तो एकच नसतो. बैत (दोन मिसऱ्यांची जोडी) म्हणजे कुठे 'कपलेट', कुठे 'डिस्टिक'. मिसऱ्याला कोणी 'हेमिस्टिक' म्हणतो, कोणी नुसते 'लाइन'. म्हणून शाहनामा या फिरदौसीच्या महाकाव्याचे सुमारे पन्नास हजार बैत दुसऱ्या पुस्तकात लाखभर ओळी होतात आणि विद्यार्थ्याला छपाईची चूक वाटते. जुन्या पुस्तकांतला 'ओड' तर कधी गझल असतो, कधी कसीदा (दीर्घ, बहुधा स्तुतिपर कविता). साधा शब्दकोश इथे दिशाभूल करतो. समासात फारसी संज्ञा लिहायची सवय लावा.

पहिला पाठ म्हणून विल्यम जोन्सने १७७१ च्या आपल्या फारसी व्याकरणात दिलेला हाफिजच्या 'अगर आन तुर्के शीराजी' या गझलेचा अनुवाद घ्या. दहा मिनिटे मूळ गझल मोठ्याने वाचू द्या. मग फक्त पहिली दोन कडवी. इंग्रजी जुनाट आहे, त्याहून जास्त झेपत नाही. जोन्सने एकेका बैताचे सहा ओळींचे कडवे केले आहे, तेव्हा मुळात नसलेले शब्द अधोरेखित करायला सांगा. 'मेड' (मुलगी) कुठून आली, हे विचारा. मुळात 'तुर्क' आहे, क्रियापद तृतीय पुरुषी आणि त्यातून लिंग कळत नाही. जोन्सने त्या तुर्काला मुलगी ठरवून थेट संबोधले आहे. हे पकडताना मुले इंग्रजी बारकाईने वाचतात, आपण 'रीडिंग' करतोय हे विसरून. (माधव जूलियनांनी खय्याम मराठीत आणला तो एकदा फारसीवरून, एकदा फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अनुवादावरून. हा फरक त्यांनी चांगलाच ओळखला होता.)

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून 'एन्सायक्लोपीडिया इरानिका' या इराणविषयक इंग्रजी ज्ञानकोशातल्या नोंदी घ्या. त्या संकेतस्थळावर फुकट आहेत. एका तासाला अडीचशे ते तीनशे शब्द पुरे. आधी प्रत्येक वाक्याचे मुख्य क्रियापद शोधायला लावा. फारसीत, मराठीसारखेच, क्रियापद शेवटी येते, म्हणून मूल पूर्णविरामापर्यंत वाट पाहते. इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येऊन गेलेले असते. कंसातला 'आर.' हा राजवटीचा काळ असतो, जन्मसाल नव्हे. 'अॅट्रिब्यूटेड टू' (अमक्याच्या नावावर सांगितलेले) हे शब्द मात्र तांबड्या शाईने रंगवा. खय्यामच्या नावावरच्या रुबायांबद्दल वाचताना त्याचा अर्थ 'खय्यामच्या' असा घेतला, तर लेखकाचा मुद्दाच उलटा होतो.

ब्राउन या इंग्रज अभ्यासकाचा फारसी साहित्याचा चार खंडांचा इतिहास (१९०२ ते १९२४) शेवटी ठेवा. वाक्ये लांबलचक आहेत.

प्रश्न : अशा लेखांत '६५६/१२५८' असे दुहेरी साल असते. ते कसे वाचायचे?

उत्तर : आधी चांद्र हिजरी, मग इसवी. हे सादीच्या 'गुलिस्तान' या ग्रंथाचे साल. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, साधारण इसवी साल निघते. इराणमध्ये छापलेल्या आधुनिक पुस्तकाचे साल मात्र सौर असते. त्यात सरळ ६२१ मिळवायचे (वर्षाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांत ६२२). १३७० म्हणजे १९९१. चांद्र सूत्र लावलेत तर १९५१ येईल आणि संदर्भ चाळीस वर्षांनी चुकेल.